नीती जर सत्ताच ठरवत असेल, तर खरं-खोटं तपासायचं कशाला?

एका ग्रामीण महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी विचारलं आहे : "लोक इंटरनेटवर माहिती निवडतात कशी, यावर वर्गात बोलत होते. एक विद्यार्थी म्हणाला, मॅडम, खरं काय आणि चांगलं काय हे शेवटी ज्याच्या हातात सत्ता तोच ठरवतो. मग आम्ही तपासत बसून काय उपयोग? मला पटकन उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय सांगाल?"

मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. आता महाविद्यालयांत, बचतगटांत, पोलीस पाटलांच्या बैठकांत माहिती कशी तपासायची ते शिकवतो. मॅडम, त्या मुलाला गप्प करू नका. त्याचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. उरलेलं निम्मं का बरोबर नाही, हे त्याला नीट कळलं तर पुढचं वर्षभर शिकवायला सोपं जाईल.

आधी निवडीचं बघू. आपण माहिती निवडतो असं म्हणतो, पण आपल्यापर्यंत ती पोचते तेव्हा बरीचशी निवड आधीच उरकलेली असते. काय वर दाखवायचं ते फेसबुक-यूट्यूब ठरवतात. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या हिशेबात रागाच्या इमोजीला साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होतं, हे २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळलं. चीड आणणाऱ्या मजकुराला त्या काळात कंपनीच्या गणितानेच वर ढकललं. गुगलवर आपण काय टाइप करतो यावरही बरंच ठरतं. 'हळदीने मधुमेह बरा होतो' असं लिहिलं की तसं म्हणणारीच पानं पुढ्यात येतात, कारण उत्तर आपण प्रश्नातच देऊन ठेवलेलं असतं. वर्गात हे मोबाइलवर करून दाखवा. एकाच विषयाचे दोन शोध, शब्द फक्त वेगळे. मुलं आपोआप एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावू लागतात.

मात्र आपल्याकडे सगळ्यात जास्त निवड होते ती ग्रुपमध्ये. मामांनी पाठवलं, सरांनी पाठवलं, भावकीच्या ग्रुपवर आलं. मजकूर कुठून निघाला हे कुणी बघत नाही, कुणाच्या हातून आला ते बघतात. आणि यात मूर्खपणा नाही. गावात माणूस आयुष्यभर असाच जगतो. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर उधार मिळतं, सोयरीक जुळते. अडचण इतकीच की मामांनी तो मजकूर स्वतः पाहिलेला, ऐकलेला नसतो. त्यांनाही तो कुणा ओळखीच्यानेच पाठवलेला असतो. भरवसा माणसावरचा असतो आणि तो जाऊन बसतो अनोळखी मजकुरावर.

आता मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. त्यासाठी मी नेहमी राईनपाड्याचं उदाहरण घेतो. इथे तेच सविस्तर सांगतो, कारण माहिती, नीती आणि सत्ता या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात.

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी माणसं तिथे आली होती. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून जमावाने त्यांच्यातल्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण निरपराध होते.

त्याआधी कित्येक आठवडे देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर अशा टोळ्यांच्या गोष्टी फिरत होत्या. त्यात एक व्हिडिओ फार गाजला. रस्त्यावर मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि निघून जातात. पाहताना पोटात गोळा येतो. हा व्हिडिओ कराचीतला होता. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करायला तो बनवला होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकल परत येते, मुलाला सुखरूप उतरवलं जातं आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवला जातो. आपल्याकडे फिरलेल्या व्हिडिओत हा शेवट कापून टाकला होता.

प्रशिक्षणात मी हा कापलेला भाग दाखवतो आणि विचारतो, पाहिल्यावर पहिला विचार काय आला? 'हे कुठलं?' असं फार थोडे म्हणतात. बहुतेकांचं उत्तर एकच असतं : "खरं असो नसो, सावध केलेलं बरं." हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, मॅडम. पाठवणाऱ्याचा सगळा हिशेब त्यात आहे. पाठवलं आणि खोटं निघालं, तर माझं काय गेलं? पाठवलं नाही आणि उद्या कुणाचं लेकरू गेलं, तर मी स्वतःला माफ करीन का? म्हणजे पाठवणारा खऱ्या-खोट्याचा निर्णय घेतच नाही. तो कर्तव्य बजावत असतो. त्याच्या लेखी ते नीतीचंच काम असतं.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. गॉर्डन पेनिकुक आणि डेव्हिड रँड यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. हे खरं आहे का असं थेट विचारलं, तर लोक खऱ्या आणि खोट्या मथळ्यांत बऱ्यापैकी फरक करतात. हे शेअर कराल का असं विचारलं, की तो फरक जवळजवळ पुसला जातो. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बंदुकांवरचं नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासली. नीती आणि भावना दोन्ही जागवणारा एकेक शब्द वाढला, की प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. हा प्रसार मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत होत होता, पलीकडच्यांत फारसा नाही. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, तिथलं राजकारण वेगळं आहे. पण 'सावध केलेलं बरं' हे वाक्य मी गावोगाव ऐकत आलोय, त्यामुळे मला त्यांचं नवल वाटत नाही.

शिकलेली माणसं यातून सुटतात, हा समजही वर्गात मोडून काढायला हवा. येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांनी हजारावर लोकांना आकड्यांचा एकच तक्ता दोन तऱ्हांनी दिला. त्वचेच्या मलमाचा म्हणून दिला तेव्हा गणित चांगलं असणाऱ्यांनी तो बरोबर वाचला. तेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून दिल्यावर गणितात हुशार असलेले लोक आपापल्या पक्षाच्या मताप्रमाणे जास्तच दोन बाजूंना गेले. हुशारी खरं शोधायला वापरली गेली नाही, आपली बाजू राखायला वापरली गेली.

आता राईनपाड्यात सत्ता कुठे आली? तिथे तर कुणी मंत्री नव्हता, कुणी हुकूम सोडलेला नव्हता. इथेच त्या मुलाला थोडं मागे घेऊन जा. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने कित्येक भटक्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, परवाने, वस्तीभोवती तारेचं कुंपण. आपल्या सोलापुरात अशी कुंपणातली वसाहत, म्हणजे सेटलमेंट, होती. कायदा १९५२ मध्ये गेला. पण गावात अनोळखी फिरस्ता दिसला की आधी संशय घ्यायचा, ही सवय त्याच्यासोबत गेली नाही. डवरी गोसाव्यांसारखी भिक्षेकरी माणसं आजही गावाच्या वेशीवर त्या नजरेला तोंड देतात. एका सत्तेने कागदावर ठरवलेली 'वाईट माणसं' पुढे लोकांच्या मनातली नीती होऊन बसली, आणि मोबाइलवरच्या अफवेला ती जमीन आयतीच नांगरलेली मिळाली. मुलाचं निम्मं म्हणणं बरोबर आहे ते या अर्थाने. कोण संशयित आणि कोण भला हे सत्ता ठरवू शकते, आणि ती सत्ता गेल्यावरही ते टिकतं.

म्हणून मी मजकूर तपासायला शिकवताना 'हे खरं का' याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला लावतो : हे खोटं निघालं, तर भोगणार कोण? व्हिडिओ पाठवणाऱ्याने काही भोगलं नाही. मंगळवेढ्याकडच्या घरांनी भोगलं. त्या घरांतलं कुणीही त्या ग्रुपवर नव्हतं, खुलासा करायला त्यांना जागाच नव्हती. ज्याच्यावर आरोप आहे तो या ग्रुपमध्ये नाही आणि त्याच्याकडे उत्तर द्यायचं साधनही नाही, असं दिसलं की तिथे थांबायचं. मजकूर जितका पवित्र हेतूने आलेला, लेकरांसाठी, आयाबहिणींसाठी, देवासाठी, तितकं जास्त थांबायचं. कारण अशा मजकुरात आपण तपासणं हेच पाप समजायला लागतो.

हाच प्रश्न सरकारला लावून बघा. त्या मुलाच्या उरलेल्या निम्म्या म्हणण्याचं उत्तर तिथे मिळतं.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम होतं. 'घोर आक्षेपार्ह', 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' अशा मजकुराला ते तीन वर्षांपर्यंतची शिक्षा देत होतं. 'घोर आक्षेपार्ह' हे शब्द पाहा. त्यात खऱ्या-खोट्याचा संबंधच नाही. सभ्यता हाच निकष, आणि सभ्यता कशाला म्हणायचं हे ठाणे अंमलदाराने ठरवायचं, तेही दारात जमाव उभा असताना. त्या दिवशी कायदा चुकीचा वापरला गेला तर भोगणार कोण होतं? त्या दोघी. पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तुमच्या वर्गातली मुलं जवळपास त्याच वयाची असतील, हे त्यांना आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट अलीकडची आणि जास्त अवघड. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे की नाही, हे सरकारनेच नेमलेला तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. कक्षाने बोट ठेवलेला मजकूर समाजमाध्यम कंपनीने तसाच राहू दिला, तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण जाण्याचा धोका. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी ती वैध मानली. मार्चमध्ये केंद्राने पत्र सूचना कार्यालयाचा कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि दुरुस्ती रद्द झाली.

हे प्रकरण अवघड का म्हणतो? कारण खोटी माहिती खरोखरच माणसं मारते, राईनपाडा आपल्यासमोर आहे. सरकारने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं, ते योग्यच होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घालायला सुरुवात केली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे अनेक हातांतून आलेला संदेश एकावेळी एकाच ठिकाणी जातो. कुणाचं तोंड न बांधता केलेले हे उपाय आहेत. सरकारने स्वतःचा खुलासा स्वतःच्या नावाने जरूर करावा, पुराव्यानिशी करावा. पण स्वतःबद्दलच्या मजकुराचा निवाडा स्वतःच करायचा आणि तो दुसऱ्याला बांधील ठरवायचा, हे मला कुठल्याच पक्षाच्या सरकारबाबत मान्य नाही. तो निवाडा चुकला तर भोगणार कोण, याचं उत्तर सरकार कधीच नसतं.

मुलगा म्हणेल, मग शेवटी कोर्टाची सत्ता चालली, म्हणजे सत्ताच ना? त्यावर मी कऱ्हाडला घेऊन जाईन. डिसेंबर १९७५, आणीबाणी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. जूनच्या अखेरीस इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं, दुर्गाबाई भागवत अध्यक्षा, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. त्या मांडवात दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या आणि आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावं लागलं. त्यांच्या हातात कुठलीही सत्ता नव्हती. होता तो लोकांचा भरवसा. सत्तेला त्याची इतकी काळजी वाटते म्हणून तर ती सेन्सॉर नेमते, कक्ष नेमते, आपल्या बाजूचे संदेश पाठवायला माणसं बसवते. नीती नुसती हुकमाने ठरत असती, तर या खटाटोपाची गरजच पडली नसती. लोकांनी मनातून मान्य करणं सत्तेला लागतं. आणि आपण काय मान्य करायचं, काय पुढे पाठवायचं, हे शेवटी आपल्या हातात उरतं. तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला 'उपयोग' इथे आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा मांडताना संवैधानिक नैतिकतेची गोष्ट काढली होती. इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन त्यांनी ती समजावली : राज्यघटनेच्या चौकटीबद्दल नितांत आदर, त्या चौकटीत वागणाऱ्या अधिकाऱ्यांची आज्ञा पाळणं, आणि त्याच अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक कामावर मोकळेपणाने टीका करायची सवय. आदर आणि टीका, दोन्ही एकाच वाक्यात. ही भावना निसर्गतः येत नाही, ती रुजवावी लागते, असं ते म्हणाले. राज्यशास्त्राच्या तासाला हे भाषण वाचून घ्याच.

आता हाताशी धरण्यासारखं थोडं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डमध्ये इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. पहिले दोन्ही गट पान वरपासून खालपर्यंत लक्ष देऊन वाचत बसले, छान लोगो आणि संदर्भांवर भुलले. तपासनीस पान उघडून लगेच बाहेर पडले, नवीन टॅब उघडून 'ही संस्था कोण, हिच्याबद्दल इतर काय म्हणतात' ते शोधू लागले, आणि थोड्या वेळात बरोबर उत्तराला पोचले. आपली शाळा आपल्याला नेमकं उलटं शिकवते : समोर दिलेलं नीट वाचा. इंटरनेटवर आधी बाहेर पडा, मग वाचायचं की नाही ते ठरवा. व्हिडिओ असेल तर थांबवून एका फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. कराचीच्या व्हिडिओसारखी जुनी गोष्ट बरेचदा एवढ्यानेच उघडी पडते. सापडलं नाही तर 'सापडलं नाही' एवढंच म्हणा, त्यावरून 'खोटं आहे' असं म्हणू नका.

ग्रुपवर मोठ्या माणसाला चूक दाखवायची वेळ येते तेव्हा चारचौघांत दाखवू नये, असं मी मुलांना सांगतो. काकांना वेगळा फोन करा. "काका, तो व्हिडिओ जुना निघाला, तुम्हीच ग्रुपवर लिहिता का?" काकांनी लिहिलं तर ग्रुप ऐकतो. भाच्या-पुतण्याने लिहिलं तर भांडण होतं आणि व्हिडिओ तिथेच राहतो.

तुमच्या वर्गासाठी एक सराव सुचवतो, माझ्या अनुभवात हा सगळ्यात जास्त चालतो. दोन संदेश घ्या, एक सत्ताधाऱ्यांवर आरोप करणारा आणि एक विरोधकांवर आरोप करणारा. पक्षांची आणि नेत्यांची नावं खोडून तिथे 'अ' आणि 'ब' लिहा. कुठल्या पुराव्यावर हे पुढे पाठवायचं, याचा नियम मुलांनीच गटात बसून लिहून काढायचा आणि खाली सह्या करायच्या. त्यानंतर नावं उघड करा. कुणाला नियम बदलावासा वाटतो ते विचारा, आणि ज्या विद्यार्थ्याने हा प्रश्न काढला त्यालाच त्या चर्चेची नोंद ठेवायला सांगा. एका तासात हे आटपत नाही, दोन तास जोडून घ्या.